सॉलिड ॲक्सलला (दोन्ही चाकं जोडणारा अखंड ॲक्सल) मागे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवताना
कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) धरणारं ब्रॅकेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून मिळेल, पण आधी ॲक्सल शाफ्टचा आत-बाहेरचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, डायल गेजने (बारीक हालचाल मोजणारं घड्याळी माप) मोजा. शाफ्ट सरकला की डिस्क पॅडना मागे ढकलते आणि वळण संपल्यावर पेडल खोल जातं. म्हणून बेअरिंग ढिलं असेल तर बदला आणि कॅलिपर फ्लोटिंगच (पिनांवर आत-बाहेर सरकणारा) घ्या, हँडब्रेकची सोय असलेला. डिस्कचा रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, ०.१ मिमीच्या आत हवा.

ड्रमसाठीचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (पेडल सोडल्यावरही लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा) काढा, नाहीतर पॅड घासत राहून डिस्क तापते. ॲक्सल पूर्ण खाली सोडून ब्रेकची रबरी नळी (होज) ताणत नाही ना, ते बघा. डॉट ४ ब्रेक ऑइल भरून मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून लाइनमधली हवा काढा. प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हवर (मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा) मागचा दाब कमीत कमी ठेवून सुरुवात करा: पुढची चाकं आधी लॉक व्हायला हवीत. मोकळ्या मैदानात हे पक्कं झाल्याशिवाय गगनबावड्याच्या घाटात गाडी घालू नका.