तुरटी, सोडा आणि मोरचूद: घरच्या घरी साका कसा काढायचा

दहावीच्या पोरांच्या डोक्यात एक पक्कं बसलेलं असतं की क्षार पाण्यात टाकला तरी पाणी उदासीनच राहणार, कारण मिठाचं तसं होतं. पण तुरटीपण क्षारच, धुण्याचा सोडापण क्षारच, आणि दोघांचं वागणं एकदम उलटं. स्वतःच्या हातानं करून बघितलं की परत विसरत नाही.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत बाजाराला गेलात की तुरटी आणि धुण्याचा सोडा आणा (खायचा नको), मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट) शेतीच्या औषधांच्या दुकानात मिळतं, आणि थोडे पीएच पेपर लागतील. पाणी मात्र बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटरच घ्या, बॅटरीचं ॲसिड नव्हे, दुकानात नीट विचारून घ्या. मी पहिल्यांदा बोअरच्या पाण्यात सोडा टाकला तर नुसत्या सोड्यानंच पाणी पांढरं गढूळ झालं, ते कॅल्शियम कार्बोनेट होतं, बोअरच्या जड पाण्यातलं, आणि मी अर्धा तास तुरटीत काय चुकलं ते शोधत बसलो.

तीन काचेचे ग्लास घ्या, प्रत्येकात अर्धा कप पाणी आणि एकेक छोटा चमचा तुरटीची पूड, सोडा, मोरचूद असं वेगवेगळं विरघळवा. पीएच पेपर बुडवा, ७ म्हणजे उदासीन, त्याच्या खाली आम्ल, वर आम्लारी. तुरटी साधारण ३ ते ४ दाखवते, सोडा ११ च्या आसपास, मोरचूद ४ च्या जवळपास. तुरटीतला ॲल्युमिनियम आयन पाण्याच्या रेणूंना इतकं ओढून धरतो की त्यातून हायड्रोजन आयन सुटतो, म्हणून आम्लता. सोड्यातला कार्बोनेट उलट पाण्याकडून हायड्रोजन घेतो आणि मागं हायड्रॉक्साइड राहतं. जास्वंदीच्या फुलांच्या रंगीत पाण्यानंही आम्ल ओळखतात, पण त्यानं तुरटी तपासायला जाऊ नका, ॲल्युमिनियम त्या रंगालाच धरून बसतो आणि जांभळट छटा येऊन फसायला होतं.

आता तुरटीच्या ग्लासात सोड्याचं पाणी थेंब थेंब सोडा, घाई करायची नाही. बुडबुडे येतात, तो कार्बन डायऑक्साइड, आणि हळूहळू पांढरा जेलीसारखा साका धरतो, तो ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, परीक्षेच्या पेपरात साक्याला अवक्षेप लिहायचं. पावसाळ्यात पंचगंगा गढूळ झाली की घागरीत तुरटी फिरवतात ना, तिथं हेच होतं, पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळं हाच साका तयार होतो आणि मातीचे कण अडकवून खाली बसतो. मला तरी सगळ्यात भारी वाटतं ते हेच.

मोरचुदात सोडा घातला की निळसर हिरवा साका येतो. त्यात व्हिनेगर घाला, परत फसफसून विरघळतो आणि पाणी स्वच्छ निळं होतं.

मोरचूद विषारी आहे, लहान पोरांच्या हातात द्यायचं नाही, स्वयंपाकाची भांडी वापरायची नाहीत, आणि उरलेलं पाणी गटारीत ओतू नका, ते शेवटी नदीलाच जातं. उथळ प्लास्टिकच्या ट्रेमध्ये उन्हात वाळवा आणि बरणीत भरून वर नाव लिहून ठेवा; नुसत्या मोरचुदाच्या पाण्याचे खडे झाले तर तेवढेच पुढच्या वेळेला चालतील, सोडा-व्हिनेगर घातलेलं वेगळं ठेवा.