हिंदीभाषक शेजाऱ्याला 'हात धुऊन घेणे' कसं समजवाल?

महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली आला. शेजारचं हिंदी बोलणारं पोर वही घेऊन दारात उभं राहतं आणि म्हणतं, "काकू, याचा वाक्यात उपयोग सांगा ना." मागे त्याची आईही असते, तिलाही शिकायचंच असतं. वहीत बहुतेक हात, नाक, कान, पोट यांचेच वाक्प्रचार असतात. अशा वेळी नुसता अर्थ सांगून मोकळं होऊ नका.

सुरुवात जुळणाऱ्यांपासून करा. कान भरणे, डोळा मारणे, तोंड गोड करणे, हात धुऊन पाठीस लागणे हे हिंदीत जवळपास जसेच्या तसे आहेत. ते पाच मिनिटांत उरकतात आणि समोरच्याला धीर येतो. थोडा फरक असलेलेही इथेच घ्या. भूक लागली की हिंदीत पोटात उंदीर धावतात, आपल्याकडे कावळे ओरडतात. मुलांना हे एकदा सांगितलं की पुरतं.

मग अगदी अनोळखी वाक्प्रचार घ्या : नाकाने कांदे सोलणे, कानाला खडा लावणे, तोंडाला पाने पुसणे. हे अवघड वाटतात, पण शिकवायला सोपे. हिंदीतलं काही आडवं येत नाही, त्यामुळे एक चांगलं वाक्य दिलं की काम होतं. "बोनस देतो म्हणाले आणि दिवाळीला सोनपापडीचा डबा देऊन तोंडाला पानं पुसली." नोकरी करणाऱ्या कुणालाही याहून जास्त समजवावं लागत नाही.

खरा वेळ राखून ठेवा तो सारख्या दिसणाऱ्या, पण वेगळं बोलणाऱ्या वाक्प्रचारांसाठी. हिंदीत 'नौकरी से हाथ धोना' म्हणजे नोकरी गमावणं. मराठीत हात धुऊन घेणारा माणूस काहीच गमावत नाही, उलट आलेल्या संधीचा फायदा उपटतो. इथे हिंदीचीच मदत घ्या. 'बहती गंगा में हाथ धोना' पोराच्या आईला ठाऊक असतंच. मराठीतला अर्थ त्या गंगेतला आहे, नोकरीतला नाही, एवढं सांगा.

'पाय जड होणे' त्याहून नाजूक. गाव सोडताना, सासरी निघताना, निरोपसमारंभात आपले पाय जड होतात, म्हणजे निघवत नाही. हिंदीत मात्र 'पाँव भारी होना' म्हणजे दिवस जाणं. निवृत्त होणाऱ्या साहेबांनी भाषणात "पाय जड झालेत" म्हटलं, तर हिंदी भाषकांच्या रांगेत काय खसखस पिकेल, ते वेगळं सांगायला नको. मोठ्या माणसांना हा फरक थेट सांगा. पोरापुढे नुसतं "निघवत नाही" पुरे.

'डोक्यावर घेणे' शिकवताना काय डोक्यावर घेतलं ते आधी विचारायला लावा. पोरांनी घर डोक्यावर घेतलं तर दंगा. प्रेक्षकांनी नाटक डोक्यावर घेतलं तर कौतुक. हिंदीतल्या 'घर सिर पर उठाना'मुळे पहिला अर्थ पटकन कळतो आणि तोच दुसऱ्याच्या आड येतो. 'हात दाखवणे' तर तीन ठिकाणी तीन प्रकारे चालतं : एसटीला, ज्योतिषाला आणि बेसावध प्रतिस्पर्ध्याला.

पुढची पायरी म्हणजे अवयव तोच ठेवून क्रियापद बदलत जाणं. यासाठी पोटासारखा अवयव नाही. चूक पोटात घालतात (माफ करतात), गुपित पोटात ठेवतात, स्वार्थ साधायला कुणाच्या पोटात शिरतात, पैसे वाचवायला पोटाला चिमटा घेतात आणि कुणाची रोजीरोटी काढून घेतली की पोटावर पाय देतात. हे पाच एका बैठकीत, पाच वाक्यांत करा. अकारविल्हे यादीतून पाठ केलेले वाक्प्रचार परीक्षेनंतर टिकत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

वचनाकडेही लक्ष द्या. दुपारी जरा डोळा लागला, म्हणजे झोप लागली. वाटेकडे डोळे लागले, म्हणजे कुणाची तरी आतुरतेने वाट पाहणं चाललंय. आणि "आजोबांनी डोळे मिटले" हे वामकुक्षीबद्दल चुकूनही बोलू नये, हे पहिल्याच दिवशी बजावून ठेवा.

कुठे बोलायचं नाही, तेही सांगायला हवं. 'हात ओले करणे' वहीत ठीक आहे, सरकारी कचेरीच्या खिडकीवर नाही. वयाने मोठ्या माणसाला "तुम्ही नाकाने कांदे सोलता" म्हणणं म्हणजे भांडणच.

शेवटी लिंग. हिंदीत नाक स्त्रीलिंगी, आपल्याकडे नपुंसकलिंगी. आँख स्त्रीलिंगी, डोळा पुल्लिंगी. त्यामुळे 'माझी नाक कापली गेली' हे वाक्य हमखास ऐकू येईल. हसू नका आणि मध्येच थांबवूही नका. "अरे बापरे, तुझं नाक कापलं गेलं? कुणापुढे?" असं विचारा. तो पुढची हकिकत सांगेल तेव्हा बरोबर रूप वापरण्याची शक्यता बरीच आहे. नाहीच वापरलं, तर पुन्हा एक प्रश्न विचारा.