‘हायलाइट’ म्हणजे पिवळा पेन नव्हे: काचेच्या शब्दांतल्या या चुका टाळा

ग्रीकमध्ये काचेला ‘ह्यालोस’ म्हणतात, लॅटिनमध्ये ‘विट्रम’. या दोन मुळांतून निघालेले शब्द डोळ्यापासून दगडापर्यंत सगळीकडे भेटतात आणि मराठीत येताना त्यांची हमखास वाट लागते. पंधरा वर्षं विज्ञानाची प्रुफं तपासतोय. माणसं नवी, चुका त्याच.

सगळ्यात महागात पडलेली चूक माझ्याच पुस्तिकेतली. हायलाइट हा ओपल या रत्नाचा काचेसारखा प्रकार. चेक देशातल्या वालेचचे नमुने प्रसिद्ध आहेत. त्यातल्या किंचित युरेनियममुळे तो अतिनील दिव्याखाली हिरवागार चमकतो. मी लिहिलं, ‘हायलाइट: अतिनील प्रकाशात हिरवी चमक.’ अक्षरजुळणी करणाऱ्याला वाटलं, ही त्याच्यासाठी सूचना. त्याने तो शब्द उडवला आणि पुढची ओळ ठळक केली. मी ओरडलो. मग दुसऱ्या एका हुशार माणसाने मला न विचारता शब्द ‘दुरुस्त’ करून परत घातला: हॅलाइट. हॅलाइट म्हणजे खनिज मीठ, ‘हाल्स’ म्हणजे मीठ या ग्रीक शब्दावरून. छापून आलं ते असं, की मिठात युरेनियम असतं. एका वाचकाने तर सैंधव खावं की नाही, असं विचारलं. तेव्हापासून मी ‘हायलाइट ओपल’ असं जोडूनच लिहितो, दर वेळी, कंटाळा आला तरी.

दुसरी माझी नावडती चूक हायल्युरॉनिक ॲसिडची, म्हणजे त्वचेच्या क्रीमांत घालतात त्या द्रव्याची. ‘हाय म्हणजे हायड्रो, म्हणून ते पाणी धरतं,’ असं शिकाऊ लेखक बिनदिक्कत ठोकून देतात. पाणी धरतं हे खरं, पण नाव त्यावरून नाही. 1934 मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी हे द्रव्य गाईच्या डोळ्यातल्या काचाभ, म्हणजे काचेसारख्या, द्रवातून वेगळं केलं. काचेचा ‘हायल’ आणि त्यात सापडलेलं युरॉनिक ॲसिड (साखरेपासून बनणारं एक आम्ल), झालं नाव. मुळांचा तक्ता पाठ करून शब्द फोडणाऱ्यांनी निदान शब्दकोश तरी उघडावा. पण घाई!

व्हिटॅमिनचा काचेशी काही संबंध नाही. तिथे ‘विटा’ म्हणजे जीवन. व्हिट्रिऑलचा, म्हणजे मोरचुदासारख्या काचेगत दिसणाऱ्या क्षारांच्या जुन्या नावाचा, मात्र आहे: मोरचुदाचा खडा उजेडात धरून बघा. शरीराबाहेर केलेल्या प्रयोगाला म्हणतात ते ‘इन व्हिट्रो’ म्हणजे काचेत, भले आता प्रयोगाची बशी प्लास्टिकची असो.

राहिली हायलिन कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असते ती लवचीक ऊती. तिला ‘पारदर्शक कूर्चा’ म्हणू नका, काचाभ म्हणा. मटण आणलंत की नळीच्या टोकावरची गुळगुळीत टोपी बघा: दुधाळ, निळसर, ओल्या काचेसारखी चकाकणारी, पण आरपार काही दिसत नाही. धुताना, कच्चं असतानाच बघा. शिजलं की ती निळसर झाक जाते.