आधी झिरो क्रॉसिंग मोजा

ऑडिओ प्रोसेसिंग शिकायला येणारी मुलं हल्ली पहिल्याच दिवशी न्यूरल नेटवर्कच्या गोष्टी करतात. फोंड्यात बसून आरत्या-भजनांची रेकॉर्डिंग साफ करणाऱ्या माझ्यासारख्याचा सल्ला साधा आहे: आधी झिरो क्रॉसिंग मोजा. म्हणजे आवाजाची लाट शून्याची रेषा किती वेळा ओलांडते ते. लागोपाठच्या दोन सॅम्पलची (लाटेच्या क्षणाक्षणाला घेतलेल्या मापांची) अधिक-उणे चिन्हं वेगळी निघाली की काउंटर एकने वाढवायचा. चार ओळींचा प्रोग्राम झाला.

440 हर्ट्झची निखळ साइन लाट सेकंदाला 880 वेळा शून्य ओलांडते. ते जमलं की चतुर्थीची घुमट (मातीचं तालवाद्य) आरती घ्या, 20-30 मिलिसेकंदांचे तुकडे पाडा आणि प्रत्येकाचा आकडा काढा. घुमटाचा घुमारा आला की आकडा खाली, झांज वाजली की एकदम वर. बोलण्यातही तेच, ‘आ’ खाली, ‘स’ आणि ‘श’ वर. आलेख बघत रेकॉर्डिंग ऐका, कानाला लगेच पटतं.

घोटाळा होतो तो शांत जागी. पंख्याची सरसर शून्याच्या आसपासच खेळत असते, त्यामुळे कोणी काही बोलत नसतानाही आकडा ‘स’सारखा चढतो. म्हणून सोबत त्या तुकड्याची ऊर्जाही बघायची आणि शून्याच्या दोन्ही बाजूंना छोटा उंबरठा ठेवायचा. तो पार केला तरच क्रॉसिंग धरायचं. त्याहीआधी डीसी ऑफसेट (लाटेचं शून्यापासून सरकलेपण) काढून टाका. अख्खी लाटच वर सरकलेली असेल तर हळू आवाजाचा भाग शून्याला शिवतही नाही.

आणि या आकड्यावरून गायकाची पट्टी काढायला जाऊ नका. तंबोऱ्याची जवारी हार्मोनिक्सनी (मूळ सुराच्या पटीतल्या वरच्या सुरांनी) इतकी भरलेली असते की एकाच आवर्तनात लाट कितीदा तरी शून्य ओलांडते. तिथे ऑटोकोरिलेशन वापरा, म्हणजे लाट थोडी थोडी सरकवून तिच्याशीच ताडून बघा.

पोटापाण्याच्या कामात, म्हणजे एडिटिंगमध्ये, झिरो क्रॉसिंग रोज भेटतं. लाट वर असताना कापलंत तर जोडावर ‘टक्’ ऐकू येतं. ऑडॅसिटी या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये निवड करून ‘झेड’ दाबलं की दोन्ही टोकं जवळच्या क्रॉसिंगवर सरकतात. पण एक बाजू चढती आणि दुसरी उतरती असेल तर जोड तरीही खटकू शकतो. स्टिरिओत तर डावा-उजवा चॅनल सहसा एकाच क्षणी शून्यावर नसतात. अशा वेळी मी शोधत बसत नाही, 5-10 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरवत दुसरा चढवणं) देतो आणि पुढच्या आरतीकडे वळतो.