लो-कार्ब आहार सुरू करताय? ताटाआधी औषधांची यादी बघा, आणि या चुका टाळा

साखर, ब्रेड, भात, बटाटा कमी केला की वजन उतरतं आणि रक्तातली साखर आटोक्यात येते, हा पुष्कळांचा अनुभव आहे. टाइप 2 मधुमेहात तर त्याला भक्कम आधारही आहे. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या 2019 च्या अहवालात तज्ज्ञांनी नोंदवलंय की, साखर सुधारण्यासाठी सर्वाधिक पुरावा एकूण कार्ब्ज (कर्बोदकं, म्हणजे साखर आणि पिष्ट) कमी करण्याच्या बाजूने आहे. पण या आहाराने शरीरात होणारे बदल फार झपाट्याने होतात, काही तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच. बहुतेक त्रास होतात ते या वेगाची कल्पना नसल्यामुळे.

औषधं आहेत तशीच चालू ठेवणं

ही सगळ्यात धोक्याची चूक, म्हणून आधी हीच नीट समजून घ्या.

इन्सुलिनचा डोस किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या तुमच्या नेहमीच्या जेवणाचा हिशोब धरून ठरवलेल्या असतात. जेवणातले कार्ब्ज एकदम निम्म्यावर आणले आणि डोस तोच ठेवला, तर शुगर लो होणारच. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, छातीत धडधडतं, समोरचा काय बोलतोय ते कळेनासं होतं. ग्लुकोमीटरवर 70 च्या (mg/dL) खालचा आकडा दिसला, की त्या क्षणी लो-कार्बचा नियम बाजूला ठेवायचा. तीन-चार लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेवढीच साखर घ्यायची. इतके दिवस पथ्य पाळलं, आता साखर कशी खाऊ, असा विचार करत बसू नका. त्या वेळी साखर हेच औषध आहे, आणि उशीर झाला तर शुद्ध हरपू शकते.

दुसरा गट डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यांच्या जोडीला कार्ब्जही अगदी कमी केले, तर रक्तात कीटोन्स (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) प्रमाणाबाहेर वाढून रक्त आम्लधर्मी होण्याचा धोकादायक विकार, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. यात माणूस फसतो, कारण ग्लुकोमीटरचा आकडा फारसा वाढलेला नसतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने या गोळ्या आणि कीटोअ‍ॅसिडोसिस यांबद्दल 2015 मध्येच इशारा दिला होता. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं असं काही सुरू झालं तर थेट रुग्णालय गाठा, कोणती गोळी चालू आहे ते सांगा आणि कीटोन्स तपासायला सांगा.

बीपीच्या गोळीचंही तेच. या आहारात रक्तदाब बऱ्याचदा उतरतो. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर बीपी मोजून डॉक्टरांना कळवा.

याचा अर्थ गोळ्या आपल्या मनाने बंद करा असा मुळीच नाही. आहार बदलण्याच्या आधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: कोणता डोस कमी करायचा, कधी करायचा, आणि साखरेचा आकडा किती आला तर फोन करायचा. पहिले दोन आठवडे साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. टाइप 1 मधुमेह, किडनीचा आजार, गरोदरपण, स्तनपान किंवा खाण्यासंबंधीचा मानसिक विकार असेल, तर हा आहार स्वतःच्या जबाबदारीवर सुरू करूच नका.

मीठही त्याच दिवशी तोडणं

कार्ब्ज कमी झाले की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकू लागतात, त्याबरोबर पाणीही जातं. पहिल्या आठवड्यातली डोकेदुखी, गळाठा, पायात येणारे गोळे यामागे बहुधा हेच कारण असतं. अशा वेळी आरोग्याच्या उत्साहात मीठही कमी केलं की त्रास वाढतो. मग लोक म्हणतात, मला हा आहार मानवत नाही. वाटीभर खारट पातळ सूप आणि पुरेसं पाणी घेतलं तर अनेकांना बरं वाटतं. मात्र हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

पहिल्या आठवड्याच्या वजनावर भुलणं

यकृत आणि स्नायूंमध्ये मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) साठवलेलं असतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी. हा साठा उतरला की काटा दीड-दोन किलो खाली येतो. त्यात चरबी थोडीच असते. म्हणूनच एक दिवस पोटभर ब्रेड-बटाटे खाल्ले की वजन परत चढलेलं दिसतं. त्यात निराश होण्यासारखं काही नाही, ते पाणीच परत आलेलं असतं. कंबरेचं माप आणि महिन्याभराचा कल बघा.

दीर्घकाळाचं म्हणाल, तर 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या चाचणीत 609 जणांना वर्षभर लो-कार्ब किंवा लो-फॅट आहार दिला होता. लो-कार्ब गटाचं वजन सरासरी 6 किलो उतरलं, लो-फॅट गटाचं 5.3 किलो, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. दोन्ही गटांत काहींचं वजन खूप उतरलं आणि काहींचं वाढलं. मला यातून एवढंच दिसतं की जो आहार तुम्हाला वर्षभर निभेल तोच निवडावा. त्यासाठी दिवसाला 20 ग्रॅम कार्ब्जवर यायची गरज नाही. 130 ग्रॅमच्या आतला आहारही सर्वसाधारणपणे लो-कार्बच धरतात, आणि माझ्या मते बहुतेकांनी तिथूनच सुरुवात करावी.

रिकाम्या जागी काहीही भरणं

भात-ब्रेड काढला आणि त्या जागी सॉसेज, लोणी, चीज यांचा ढीग आला, तर आहार लो-कार्ब होतो पण चांगला होत नाही. 2018 च्याच ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मधल्या विश्लेषणात, कार्ब्जच्या जागी प्राणिज प्रथिनं आणि चरबी घेणाऱ्यांमध्ये मृत्युदर जास्त दिसला, तर वनस्पतिजन्य पर्याय घेणाऱ्यांमध्ये कमी. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्यावरून कारण सिद्ध होत नाही. तरी पालेभाज्या, सुकामेवा, बिया, ऑलिव्ह तेल, मासे, अंडी या बाजूला झुकणं शहाणपणाचं. डाळी आणि कडधान्यं सरसकट हद्दपार करू नका. त्यांतल्या तंतूंनी पोट साफ राहतं, आणि बद्धकोष्ठ ही या आहारातली नेहमीची तक्रार आहे. काजू मात्र जपून: 100 ग्रॅममध्ये जवळपास 30 ग्रॅम कार्ब्ज.

‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटांतही बऱ्याचदा मैदा असतो. पाकिटाच्या पुढच्या बाजूला न भुलता मागचा तक्ता वाचा. माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली पूड) किंवा माल्टिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोडवा देणारं द्रव्य) दिसलं तर तेही साखर वाढवतात.

तपासण्या न करणं, किंवा चुकीच्या वेळी करणं

ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) बहुधा उतरतात, पण काहींचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल बरंच वाढतं, विशेषतः सडपातळ माणसांचं. ते बाहेरून कळत नाही. सुरुवातीला एकदा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लिपिड प्रोफाइल ही रक्ततपासणी करा. एलडीएल वाढलं तर लोणी-चीज कमी करून थोडे कार्ब्ज परत आणता येतात, आणि तरीही उतरलं नाही तर डॉक्टरांशी बोला.

ग्लुकोज पिऊन करायची टॉलरन्स टेस्ट असेल, तर लॅबला आणि डॉक्टरांना आहाराबद्दल आधी सांगा. कार्ब्ज फार कमी घेणाऱ्या निरोगी माणसाचाही आकडा या टेस्टमध्ये वाढलेला येऊ शकतो. म्हणून टेस्टच्या आधीचे तीन दिवस रोज किमान 150 ग्रॅम कार्ब्ज घ्यायला सांगतात. मधुमेहाची औषधं चालू असतील तर हे तीन दिवसही डॉक्टरांना विचारूनच ठरवा.