शेतीची लाइट: हिशोब डीपीपासून

कृषी वीजजोडणीच्या कामात नव्याने आलेले बहुतेक जण किती कनेक्शन झाली ते विचारतात. आधी डीपीवर, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर, जाऊन उभं राहा.

६३ केव्हीएच्या डीपीला साधारण ८४ अँपिअर झेपतात. ५ एचपीची मोटर पूर्ण भारावर साडेसातच्या आसपास घेते. म्हणजे ११ मोटरी. कागदावर तेवढ्याच असतात. बांधाबांधाने फिरलात की आकडे टाकलेल्या वेगळ्या सापडतात, आणि ३ एचपी मंजूर असलेल्या विहिरीवर ५ची मोटर. मग लाइनीच्या टोकाला ४१५ऐवजी ३५० व्होल्ट मिळतात. तेवढंच पाणी ओढायला मोटर जवळपास १९ टक्के जादा अँपिअर घेते, वाइंडिंगमधली उष्णता ४० टक्क्यांनी वाढते. स्टार्टर सारखा ट्रिप होतो म्हणून रिलेचं (प्रवाह वाढला की मोटर बंद करणाऱ्या भागाचं) सेटिंग वर चढवतात. पुढचं काम रिवाइंडिंगवाल्याचं!

दुसरी भानगड ऑटोस्विचची. लाइट आली की सगळ्या मोटरी एकदम उठतात. उठताना एकेक मोटर सहापट प्रवाह घेते. अकरा मोटरींचे होतात ५०० अँपिअरच्या घरात. फ्यूज उडतो, कुणीतरी जाड तार घालतं, आणि ऐन हरभऱ्याच्या पाण्याला डीपी जळते. ऑटोस्विच काढा म्हणून कुणी काढत नाही, कारण रात्री दोनला विहिरीवर कोण जाणार? त्याऐवजी टाइमर बसवायला लावा: पहिली मोटर १ मिनिटाने, पुढची २ने, अशी. सोबत प्रत्येक ५ एचपीला २ केव्हीएआरचा (हे त्याच्या क्षमतेचं एकक) कपॅसिटर, स्टार्टरच्या मोटरकडच्या बाजूला; तो मोटरीने लाइनीतून ओढायचा प्रवाह कमी करतो. साडेसात अँपिअरचे सव्वासहा होतात. त्याच डीपीवर दोन मोटरींची जागा निघते. शेतकऱ्याला एवढं एकच गणित नीट पटवता आलं तरी पुष्कळ.

दिवसा लाइट मिळाली की पाण्याची पाळी मजुरांच्या वेळेत बसते. २०१७ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे. पण फीडर (उपकेंद्रातून डीपींपर्यंत येणारी लाइन) सौर झाला तरी टोकाचा व्होल्टेज आपोआप सुधारत नाही.

पीक हाती आल्यावर खरा पैसा मालावर प्रक्रिया करण्यात. तुरीच्या पट्ट्यात अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी दालमिल शेतकरी गटाला झेपते. ती शेतातल्या डीपीवर नको: तिथे लाइट ठरलेल्या तासांचीच, आणि पंपाच्या कनेक्शनवर मिल चालवणं विद्युत कायदा २००३च्या कलम १२६खाली अनधिकृत वापर ठरतं, आकारणी दुप्पट दराने. जागा ठरवतानाच गावठाण फीडरवर (गावातल्या घरांना लाइट देणाऱ्या लाइनीवर) वेगळ्या कनेक्शनचा अर्ज करा.