तुलनेची ओळ कशी तपासावी आणि चूक सांगणारा संदेश कसा लिहावा

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर भागातल्या एका दूध संस्थेसाठी पायथन या संगणकभाषेत मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये म्हशीच्या दुधाचे फॅट ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी आहे का, हे पाहणारी एकच ओळ होती, आणि ती ओळ १०.२ फॅटचे दूध ६.० पेक्षा हलके ठरवत होती. फाइलमधून आलेली दोन्ही मूल्ये मजकूर होती. मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होते आणि १ हा ६ च्या आधी येतो. प्रोग्रॅम थांबला नाही, सभासदाला मात्र खालचा दर लागला.

एका बाजूला मजकूर आणि दुसऱ्या बाजूला संख्या असती, तर 'पेक्षा लहान' या चिन्हावर पायथन ३ ने टाइपएरर (मूल्यांचे प्रकार जुळत नसल्याची चूक) देऊन काम थांबवले असते. याउलट दोन मूल्ये समान आहेत का हे पाहणारे '==' हे चिन्ह अशा वेळी मुकाट्याने 'नाही' म्हणते, म्हणून मी तिथेच अधिक सावध राहतो. मूल्य आत येताक्षणी त्याची संख्या करून घ्यावी. देवनागरी किंवा कन्नड अंकांत लिहिलेले आकडेही पायथनचे फ्लोट फंक्शन, म्हणजे मजकुराची दशांश संख्या करणारी आज्ञा, नीट वाचते, पण मजकूर म्हणून '१२' आणि '12' कधीच समान ठरत नाहीत. तक्त्यांतील माहिती हाताळणारी पायथनची पांडाज लायब्ररी रिकाम्या रकान्यात 'नॅन' (संख्या नाही, अशी खूण) ठेवते, आणि नॅन कशापेक्षाही लहान नसल्यामुळे 'फॅट कमी आहे का?' या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर येऊन रिकामी नोंद बिनबोभाट पुढे सरकते. त्यामुळे नॅनची तपासणी तुलनेच्या आधी हवी. पैशांचा हिशेब पूर्णांक पैशांत ठेवावा, कारण फ्लोटमध्ये ०.१ + ०.२ हे ०.३ च्या बरोबर येत नाही.

आपल्या भागात नावांची तुलना सर्वांत अवघड आहे. जुन्या याद्यांत बेळगाव, बेळगांव आणि १ नोव्हेंबर २०१४ पासूनचे अधिकृत बेळगावी अशी तिन्ही रूपे सापडतात. ती जुळवण्यासाठी पर्यायी नावांची यादीच ठेवावी लागते. 'कुऱ्हाडे' या आडनावातील ऱ कोणी एका अक्षराने टंकलिखित करतो, कोणी र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) जोडून, तर कोणी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतील एनएफसी प्रमाणीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याच्या नियमाने, पहिली दोन एक होतात, तिसऱ्यासाठी बदलण्याचा नियम आपणच लिहावा लागतो.

आता संदेशाविषयी. 'अवैध नोंद' एवढेच वाचून पहाटे पाच वाजता संकलनाला बसलेल्या माणसाने काय करावे? त्याऐवजी असे लिहावे:

ओळ ४७, सभासद क्र. ११२, सकाळ: फॅटच्या रकान्यात "६,५" आहे. येथे दशांश टिंबासह संख्या हवी, उदा. ६.५. ही नोंद जतन झालेली नाही.

जागा, मिळालेले मूल्य, अपेक्षित मूल्य आणि नोंदीचे पुढे काय झाले, या चारही गोष्टी त्यात आल्या पाहिजेत. मूल्य अवतरणचिन्हांत दिले की शेवटी राहिलेली मोकळी जागाही दिसते, आणि नावांच्या बाबतीत अक्षरांचे युनिकोड क्रमांक लॉग फाइलमध्ये (प्रोग्रॅमच्या नोंदवहीत) लिहिले की अदृश्य जोडचिन्ह पकडता येते. हाच संदेश कन्नडमध्येही द्यावा, कारण संध्याकाळच्या पाळीचा माणूस कदाचित कन्नडच सहज वाचत असेल. त्यानंतर मुद्दाम "६,५" भरून दोन्ही पाळ्यांच्या माणसांपुढे पडदा ठेवावा, आणि कोणालाही न विचारता ते स्वल्पविरामाचे टिंब करतात का, ते शेजारी बसून पाहावे.